मागच्या सतरंजीवर कोण बसणार?

आमच्या शाळेच्या लोखंडी कपाटात तीन शेरेपुस्तकं आहेत. सगळ्यात जुन्याची पहिली काही पानं वाळवीनं खाल्ली, पण जे उरलंय त्यात साधारण पंचवीस वर्षांच्या शाळाभेटी नोंदवलेल्या आहेत. एका पावसाळी दुपारी, लाईट गेलेली आणि ओढ्याला पाणी आल्यामुळे मुलं निम्मीच आलेली, तेव्हा मी ती सलग वाचून काढली. ‘अध्यापन समाधानकारक.’ ‘शैक्षणिक साहित्याचा प्रभावी वापर करावा.’ ‘परिसर स्वच्छ व सुंदर.’ ‘पोषण आहाराच्या नोंदी अद्ययावत आढळल्या.’ ‘अप्रगत विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष द्यावे.’ साहेब बदलत गेले, शाई बदलली, मध्येच एकाचं अक्षर फारच सुरेख लागलं. पण एवढ्या वर्षांत एकाही शेऱ्यात एकाही मुलाचं नाव नाही. त्या दिवशी कोणता पाठ चालू होता, मुलांनी काय विचारलं, बाई कुठे अडल्या, याचा मागमूस नाही.

शेरे लिहिणाऱ्यांची टिंगल करायची नाही मला. दहाएक शाळा, त्यातल्या दोन डोंगरापलीकडे, शिवाय संध्याकाळपर्यंत तालुक्याला पाठवायचा तक्ता. अशा माणसानं तासाभरात पोषण आहाराचा साठा बघायचा, हजेरी बघायची, शौचालय बघायचं आणि वर्गही बघायचा. वर्ग शेवटी येतो. शेवटच्या पाच मिनिटांत वर्ग जसा दिसतो तसा शेरा लिहिला जातो.

आता दुसरा एक दिवस सांगते, ज्याची या पुस्तकांत नोंद नाही. काही वर्षांपूर्वी शेजारच्या गावच्या शाळेतल्या एक बाई काही कामानं आमच्याकडे आल्या होत्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. काम लवकर उरकलं, एसटीला वेळ होता, म्हणून माझ्या दुसरीच्या वर्गात मागच्या सतरंजीवर मुलांच्यात येऊन बसल्या. मी संख्यांचं श्रुतलेखन घेत होते. सत्तावीस म्हटलं की सहा-सात पोरं हमखास बहात्तर लिहायची. पस्तीसचे त्रेपन्न. मी लाल पेनानं फुली मारायची आणि घरी एक ते शंभर पाच वेळा लिहून आणायला सांगायची. महिनाभर हेच चाललं होतं.

बाईंनी मला काही सांगितलं नाही. शेजारच्या पोराला म्हणाल्या, ‘मला सत्तावीस काड्या दे बरं.’ त्यानं दहा-दहाचे दोन गठ्ठे दिले आणि सात सुट्या. मग दुसऱ्याला विचारलं. त्यानंही बरोबर दिल्या. सुटी झाल्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या, ‘अगं, यांना सत्तावीस येतंय. ही पोरं ऐकतात तसं लिहितात. आधी सात ऐकू येतात, मग वीस.’ आणि मला एक वही दाखवली. त्यात एकोणतीससाठी कुणीतरी ३१ लिहिलं होतं. एक आणि तीस. मी ती वही आदल्या दिवशी तपासली होती. फुली माझीच होती.

मराठीत एकवीसपासून पुढे एकक आधी बोलला जातो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र उलट. हे मला माहीत नव्हतं असं नाही. डी.एड.ला असताना परीक्षेत लिहिलंही असेल. पण वर्गात उभी असताना, पुढे तिसरीची पोरं गोंगाट करत असताना, मला ते दिसत नव्हतं. मागे बसलेल्या माणसाला दिसलं.

२०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं संख्यावाचन सुचवलं गेलं तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, आठवत असेल. वाहिन्यांवर चर्चा, विधानसभेत टोले, मराठी बुडाली अशी हाकाटी. त्या सगळ्या धुरळ्यात एक साधा प्रश्न हरवला. कोणत्या मुलाला जोडाक्षरी संख्यानाव नडतंय, कोणाला दशकाची कल्पनाच नाही, आणि कोण नुसतं घाईत उलटं लिहितंय, हे वर्गात बसून बघणार कोण? पुस्तक बदलणं सोपं. त्याहून सोपं पुस्तकावर भांडणं.

वर्गात मागे बसून शिक्षकाला अशी मदत करण्याला जगभर आता ‘इन्स्ट्रक्शनल कोचिंग’ म्हणतात. आपल्याकडे कोचिंग म्हटलं की दहावी-बारावीचे क्लास, लातूरच्या पाट्या आणि कोटाच्या गाड्या डोळ्यांसमोर येतात, त्यामुळे हा शब्द आपल्याला फारसा कामाचा नाही. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद असतो, तो जवळचा. वस्ताद आखाड्याच्या कडेला उभा राहतो, पोराचा पाय कुठे चुकतोय ते बघतो आणि तिथल्या तिथे पुन्हा करून घेतो. डाव शिकवणारा आणि डाव चालतोय का ते बघणारा एकच असतो. त्यानं पोराची गोपनीय नोंदवही तालुक्याला पाठवली असती, तर पोरांनी त्याच्यासमोर येणारे तेवढेच डाव केले असते.

माझं म्हणणं सगळं या शेवटच्या वाक्यात आहे. महाराष्ट्रात शिक्षकाला वर्गात मदत करणारं पद नव्यानं तयार करायची गरज नाही. ते आहे, आणि तीस वर्षं आहे: केंद्रप्रमुखाचं. त्या पदाचा आपण साहेब आणि पोस्टमन असा दुहेरी उपयोग करून घेतला. वर्गात बसून मदत करणारा माणूस अहवाल पाठवणारा नसावा, आणि तो स्वतः अजून रोज शिकवणारा असावा. या दोन अटी पाळता येत नसतील तर बाकी सगळी योजना, पोर्टल, प्रमाणपत्रं काही करू नयेत. निदान पैसे वाचतील.

प्रशिक्षणांची आपल्याकडे कमतरता नाही. राज्यस्तर, जिल्हास्तर, तालुकास्तर, केंद्रस्तर अशा पायऱ्यांनी ते खाली येतं आणि प्रत्येक पायरीवर थोडं सांडतं. पुण्यात पाच दिवसांचं असलेलं आमच्याकडे येईपर्यंत दोन दिवसांचं झालेलं असतं, आणि पुण्यात जो प्रयोग करून दाखवला तो आमच्याकडे पीपीटीवर वाचून दाखवला जातो. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं ‘निष्ठा’ सुरू केलं तेव्हा देशातल्या ४२ लाख शिक्षकांपर्यंत पोचायचं ठरवलं होतं. जगातलं सगळ्यात मोठं शिक्षक प्रशिक्षण अशी त्याची जाहिरात झाली. वर्षभरात कोरोना आला आणि ते ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर गेलं. तिथे काय झालं ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. व्हिडिओ चालू ठेवून स्वयंपाक झाला, प्रश्नांची उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरली, प्रमाणपत्रं डाउनलोड झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं दर शिक्षकाला वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाचे ठरवून दिले आहेत. तास मोजता येतात, म्हणून तास ठरवले जातात.

प्रशिक्षण वर्गात पोचत नाही ही काही नवी ओरड नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे मांडलं होतं. सिद्धांत सांगा, करून दाखवा, सरावही करून घ्या. तरी शिक्षक वर्गात परतला की जुन्याच वाटेनं चालतो. नवी रीत अंगवळणी पडते ती वर्गातच कुणी सोबत असेल तर. हे बरेच जण सांगतात. पण त्या दोघांनी १९९६ मध्ये त्याच्या पुढचं जे लिहिलं ते फार कमी जण सांगतात. शिक्षकांनी एकमेकांचे पाठ बघून अभिप्राय द्यायचा, हा भाग त्यांनी आपल्या पद्धतीतून चक्क काढून टाकला होता. कारण अभिप्राय द्यायला लागलं की सहकारी हळूहळू तपासनीस होतो, ‘छान होतं, पण...’ सुरू होतं, आणि एकत्र काम करण्याची गंमतच संपते. त्यांनी व्याख्या उलटी केली: जो शिकवतोय तो कोच, आणि जो बघतोय तो शिकणारा.

आमच्या डी.एड.ला आठवा. सराव पाठ घ्यायचा, मागे चार जण पाठनिरीक्षणाची वही घेऊन बसायचे. पूर्वज्ञान जागृत केले का, फलकलेखन कसे होते, आवाजात चढउतार होते का. वीस मुद्दे, वीस रकाने. मैत्रीण असेल तर सगळीकडे ‘उत्तम’, भांडण असेल तर ‘आवाज अधिक स्पष्ट हवा’. पोरं काय शिकली याचा रकाना त्यात होता का, मला आठवत नाही. त्या वहीनं आमच्या पिढीला एक गोष्ट पक्की शिकवली: मागे कुणी बसलं की आपण तपासले जातोय.

बाहेरचे आकडेही बघू, कारण ‘मदतनीस वर्गात बसवून काय होणार’ असं विचारणारे आहेत. दक्षिण आफ्रिकेत नॉर्थ वेस्ट प्रांतात सेत्स्वाना भाषेत, म्हणजे मुलांच्या मातृभाषेत, वाचन शिकवण्याबद्दल एक मोठा प्रयोग झाला. काही शाळांतल्या शिक्षकांना मध्यवर्ती ठिकाणी बोलावून प्रशिक्षण दिलं, काही शाळांत महिन्यातून एकदा वाचनाची जाणकार व्यक्ती येऊन वर्गात बसली. पाठाचं साहित्य दोघांनाही सारखंच. दोन वर्षांनी वर्गात माणूस येत असलेल्या शाळांतली वाचनातली वाढ नुसत्या प्रशिक्षणाच्या साधारण दुप्पट निघाली. पुढे एमपुमलांगा प्रांतात त्याच मंडळींनी टॅबलेट आणि फोनवरून कोचिंग करून बघितलं. सुरुवातीला बरं चाललं, पण तीन वर्षांनी प्रत्यक्ष येणारा माणूस स्पष्टपणे पुढे होता. आपल्याकडे व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, लावून काम उरकू पाहणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

पण उत्साहाच्या भरात लपवू नये अशी एक गोष्ट आहे. मॅथ्यू क्राफ्ट हे अमेरिकी अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अशा ६० अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडले. शिक्षकांच्या शिकवण्यात चांगला फरक दिसला, मुलांच्या शिकण्यातही दिसला. मात्र शंभराहून जास्त शिक्षक असलेल्या कार्यक्रमांत तो फरक बराच कमी भरला. म्हणजे ही गोष्ट छोट्या प्रमाणावर चालते आणि मोठी केली की पातळ होते. ज्या राज्यात प्रत्येक चांगली कल्पना ३६ जिल्ह्यांत एकाच तारखेला, एकाच परिपत्रकानं सुरू होते, त्या राज्यासाठी ही वाईट बातमी आहे.

आपली स्वतःची कहाणीही तेच सांगते. १९९४ च्या शासन निर्णयानं केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही व्यवस्था आली. राज्यात ४८६० केंद्रप्रमुखांची पदं मंजूर झाली. कल्पना सुंदर होती. दहा-बारा शाळांचा एक समूह, त्यांचा एक अनुभवी माणूस, महिन्यातून एकदा सगळ्या शिक्षकांचं एकत्र बसणं. पुढे गटसाधन केंद्रं आली, विषयतज्ज्ञ आले, साधनव्यक्ती आले. या सगळ्यांचं काम शिक्षकाला वर्गात मदत करणं हेच होतं. प्रत्यक्षात केंद्रप्रमुख माहिती गोळा करणारा झाला. ‘आज दुपारी ३ पर्यंत लिंक भरा.’ ‘निरंक असल्यास निरंक कळवा.’ साधनव्यक्ती पंचायत समितीत संगणकासमोर बसून ‘युडायस’च्या, म्हणजे शाळांच्या ऑनलाइन माहितीच्या, त्रुटी दुरुस्त करू लागला. गणितात हाडाचा हुशार असलेला एक साधनव्यक्ती मला माहीत आहे. गेल्या वर्षात तो किती वर्गांत बसला विचारलं तर नुसता हसला. त्यात पदंही भरली जात नाहीत. २०२३ मध्ये केंद्रप्रमुखांच्या २३८४ जागांसाठी स्पर्धा परीक्षेची जाहिरात निघाली आणि परीक्षा लांबतच गेली. एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा प्रभार. अशा माणसाकडून मागच्या सतरंजीवर पाऊण तास बसण्याची अपेक्षा करणं क्रूरपणाचं आहे.

तपासणी नकोच, असं मी म्हणत नाही. ते म्हणायला मला तोंड नाही, कारण समोर जोतिराव आहेत. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं की वर्षातून एकदा येणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरचा फारसा उपयोग नाही. शाळांची तपासणी निदान तिमाहीला व्हावी, आणि आधी न कळवताही व्हावी. गावाकडची जुनी माणसं ज्याला ‘दिपोटी’ म्हणायची, त्यानं आणखी वेळा यावं, असंच ते सांगत होते. त्यांना कारण होतं. बहुजनांच्या पोरांकडे दुर्लक्ष करणारे पंतोजी त्यांनी बघितले होते. आजही ज्या गावात गुरुजी आठवड्यातून तीनदाच येतात, तिथल्या आईबापांना दिपोटीच हवा असणार, आणि तो मिळणं त्यांचा हक्क आहे. (त्याच निवेदनात जोतिरावांनी शिक्षकांचा पगार वाढवा असं सांगताना, त्यांना गावचे हिशेब तपासनीस किंवा पोस्टमास्तर केलं तर त्यांचा मान वाढेल असंही सुचवलं होतं. दीडशे वर्षांनी त्यांनी मतदारयाद्यांच्या कामाची आमची बीएलओची पिशवी बघितली असती तर ती सूचना मागे घेतली असती, अशी माझी समजूत आहे.)

म्हणून तपासणी असू द्या. फक्त ती दुसऱ्या माणसाकडे असू द्या. हे मी माझ्या डोक्यातून काढलेलं नाही. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं प्रशासन आणि शैक्षणिक मार्गदर्शन वेगळं करा असं सांगितलं होतं, कारण एकाच माणसाकडे दोन्ही दिलं की कागद जिंकतो आणि वर्ग हरतो. शाळासमूहाची कल्पनाही त्याच आयोगाची: एक माध्यमिक शाळा, आसपासच्या प्राथमिक शाळा, आणि त्यांच्या शिक्षकांची आपसांत देवाणघेवाण. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. केंद्रशाळेची मुळं तिथे शोधता येतात, आणि २०२० च्या धोरणात पुन्हा शाळासंकुल म्हणून तीच कल्पना आलीय. जवळजवळ साठ वर्षं आपण एकच चांगली गोष्ट नव्या नावानं मंजूर करतोय. तिच्यातला अवघड भाग, म्हणजे अधिकार वेगळे करणं, तेवढा दरवेळी गाळतोय.

दुसरी अट: तो माणूस अजून शिकवणारा असावा. आमच्या खात्यात पुढे जायचं म्हणजे पोरांपासून लांब जायचं. उपशिक्षक, पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी. एकेक पायरी चढलं की एकेक तास कमी होतो, आणि वरच्या पायरीवर खडू हातात घ्यावाच लागत नाही. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी मिळते, चोवीस वर्षांनी निवडश्रेणी. दोन्हीसाठी सेवा आणि प्रशिक्षण बघतात, शेजारच्या दोन शिक्षकांना तुझा काही उपयोग झाला का असं कुणी विचारत नाही. सिंगापूरनं २००१ मध्ये शिक्षकांसाठी तीन वेगळे मार्ग आखले. त्यातल्या एका मार्गावर माणूस निवृत्त होईपर्यंत शिकवत राहतो, पगार आणि मान मुख्याध्यापकाच्या तोडीचा मिळवतो, आणि इतर शिक्षकांना हाताशी धरून शिकवतो. सिंगापूर छोटं आहे, श्रीमंत आहे, आपल्याला ते जमणार नाही असं कुणी म्हणेल. दिल्ली तर आपलीच आहे. तिथे २०१६ मध्ये सरकारी शाळांतल्याच २०० शिक्षकांना मेंटॉर शिक्षक म्हणून निवडलं; ते इतर शाळांत जाऊन वर्गांत बसू लागले, नंतर प्रत्येक शाळेतच एका शिक्षकावर सहकाऱ्यांसोबत काम करण्याची जबाबदारी आली. त्या प्रयोगात त्रुटी होत्याच. पण बाहेरून तज्ज्ञ आणण्याऐवजी खालच्या स्टाफरूममधून माणूस उचलला, ही गोष्ट मला पटते.

अशा कामाला ‘शिक्षक नेतृत्व’ म्हणतात. पण ‘नेतृत्व’ हा शब्द मला जरा बोचतो, खरं सांगायचं तर. शिक्षक नेतृत्व म्हटलं की आमच्याकडे संघटनेचा तालुकाध्यक्ष डोळ्यांसमोर येतो, नाहीतर तंत्रस्नेही शिक्षक म्हणून सत्कार झालेला, शाल-श्रीफळ घेतलेला फोटो. संघटना हव्यातच, त्याशिवाय आमचे पगार वेळेवर झाले नसते. पण ज्या बाई माझ्या वर्गात येऊन काड्या मोजायला लावतात त्या कशाच्याच अध्यक्ष नव्हत्या. आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी त्यांनी कधी प्रस्ताव केला नाही. फाइल तयार करायला वेळ नाही म्हणायच्या. त्यांच्या केंद्रातल्या चार-पाच जणींना मात्र पहिलीचं वाचन अडलं की त्यांनाच फोन करायचं माहीत होतं. हे नेतृत्व खात्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही, आणि एका अर्थी बसवूही नये. रकाना केला की त्याचे फोटो मागवले जातील.

कुमठे बीटचं, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांच्या गटाचं, काय झालं ते आठवा. सातारा जिल्ह्यातल्या त्या शाळांतल्या शिक्षकांनी आणि त्यांच्या विस्तार अधिकारी बाईंनी मिळून मुलं कशी शिकतात याचा खरोखर विचार केला, एकमेकांचे वर्ग बघितले, साहित्य स्वतः बनवलं. राज्यभरातून शिक्षकांच्या बसगाड्या तिथे जाऊ लागल्या. मीही गेले होते आणि भारावून आले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्यभरच्या कार्यक्रमाचा निर्णय आला आणि मग काय पसरलं? फरशीवरची रंगीत आखणी. गावोगाव पेंटर लावून वर्गांच्या फरश्या रंगवल्या गेल्या, ग्रामपंचायतीनं निधी दिला, उद्घाटनं झाली. रंग पसरायला सोपा. शिक्षकांनी शाळा सुटल्यावर बसून ‘हे पोर का अडलं’ यावर केलेली बोलणी कुठल्याच पेंटरला काढता येत नाहीत. आमच्या वर्गातली आखणी आता बऱ्यापैकी पुसली गेली आहे.

मग करायचं काय? राज्यभर काही सुरू करू नका, ही माझी पहिली विनंती. ज्या केंद्रांतल्या शिक्षकांना हवंय त्यांना करू द्या, बाकीच्यांना सोडा. अशा केंद्रात दोन-तीन शिक्षक शिक्षकांनीच निवडावेत. आठवड्यातले चार दिवस त्यांनी आपला वर्ग घ्यावा आणि एक दिवस शेजारच्या शाळेत बसावं, तेही यजमान शिक्षकानं बोलावलं तर. त्यांच्याकडून कुणीही, केंद्रप्रमुखापासून शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत, एका ओळीचाही अहवाल मागू नये, आणि ही मनाई लेखी असावी.

इथे सगळ्यात मोठा अडसर येतो आणि तो खरा आहे. आमच्याकडच्या बऱ्याच शाळा द्विशिक्षकी आहेत. एक शिक्षक शेजारी गेला तर चार वर्ग एकीच्या अंगावर पडतात. त्यात कुणी रजेवर असलं तर शाळेला कुलूप. मागे गुरुजींच्या जागी कोण, याचं उत्तर नसेल तर बाकी सगळं बोलणं फुकट आहे. डी.एल.एड.च्या विद्यार्थ्यांची आंतरवासिता हे अर्धंमुर्धं उत्तर होऊ शकतं, निवृत्त शिक्षकांना ठरावीक दिवसांसाठी मानधनावर बोलावणं हे दुसरं. पैसे लागतील. केंद्रीय प्रशिक्षणांच्या जेवणाखाणावर, फाइलबॅगांवर आणि फ्लेक्सवर जे जातात तेच इकडे वळवता येतील. आणि कामं काढून घ्यावी लागतील. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच शाळाबाह्य कामं आहेत. पण त्या कलमात न बसणारी पंधरा कामं ‘शैक्षणिक’ या नावाखाली येतात, ती आधी मोजून कमी करावी लागतील.

आक्षेप आणखी एक आहे आणि तो आमच्याच लोकांचा आहे. अहवाल नसेल तर ही मंडळी नुसती चहा पिऊन परत येतील, असं एक मुख्याध्यापक मला म्हणाले. काही जण येतीलही. आत्ता अहवाल असतो तेव्हाही चहा पितातच, वर शेरा लिहून येतात. आणि खरं विचाराल तर त्या चहावरच बरंच काही ठरतं. ‘मला भागाकार शिकवता येत नाही गं’ हे वाक्य कोणत्याही शिक्षण परिषदेत कुणी बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. चहाच्या टपरीवर ऐकलंय, तेही दोनदा, आणि एकदा ते मीच बोलले होते.

शिक्षण परिषदेचा विषय निघालाच आहे तर सांगते. ती महिन्यातून एकदा केंद्रशाळेत असते. दीपप्रज्वलन, स्वागत, सूचना, पुन्हा सूचना, मग एखाद्या सुलभकाचं पीपीटी, जेवण, आभार. गेल्या खेपेला मी सुचवलं की पुढची परिषद आमच्या शाळेत घेऊ, मुलं असताना. मी तिसरीला वजाबाकी घेते, हातच्याची, जी मला आजही नीट जमत नाही. सगळ्यांनी मुलांच्यात बसावं, माझ्याकडे न बघता मुलांच्या वह्यांकडे बघावं, आणि नंतर फक्त कोणत्या मुलानं काय केलं तेवढंच बोलावं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग दोघी-तिघींनी ‘चालेल की’ म्हटलं. केंद्रप्रमुख सरांनी डायरीत लिहून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, ‘बॅनर मात्र फळ्याच्या वर लावावा लागेल बाई, फोटोत दिसला पाहिजे. जागा आहे ना?’